कोणते नाकामुरा?

जपानमध्ये सगळ्यात जास्त लोक लावतात ते आडनाव सातो. त्यामागोमाग सुझुकी, ताकाहाशी, तानाका, इतो, वातानाबे, यामामोतो येतात आणि आठव्या क्रमांकाच्या आसपास नाकामुरा. हे आडनाव लावणारी माणसं दहा लाखांच्या घरात आहेत. ‘मधलं गाव’ एवढाच त्याचा अर्थ. डोंगराळ देशात खोऱ्याखोऱ्याला वरचं, खालचं आणि मधलं गाव असतंच. त्यामुळे हे आडनाव एका घराण्यातून फुटत गेलेलं नाही, जागोजागी आपापलं उगवलेलं आहे. दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरचे नाकामुरा आणि उत्तरेकडच्या होक्काइदोचे नाकामुरा यांचं एकमेकांशी काही नातं असेलच असं नाही, बहुधा नसतंच.

मी खानदेशातला पाटील. आमच्याकडे कुणी आडनाव ‘पाटील’ सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कोणते पाटील? कुठले? गाव सांगितलं की भाऊबंदकी निघते, सोयरीक निघते, आणि जे तोंडाने विचारायचं नसतं तेही विचारणाऱ्याला कळून जातं. आडनावावरून माणूस ओळखायची ही सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. पुण्यात जपानी शिकायला लागलो, अडखळत का होईना तिथली वर्तमानपत्रं वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की नाकामुरा या आडनावावरून यातलं काहीएक हाती लागत नाही. ते शेतकऱ्याचं असतं, सामुराईचं असतं, नटाचं असतं. मग वाचनात एकेक नाकामुरा भेटत गेले आणि प्रत्येकाला ते आडनाव कुठून मिळालं, हे शोधायचा मला छंदच लागला.

तोकुगावा घराण्याच्या शोगुनांच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या, राजवटीत चारचौघांत आडनाव लावण्याचा मान सामुराईंचा. शेतकरी-कारागिरांपैकी पुष्कळांकडे घरगुती आडनावं होती, पण सरकारदरबारी ती चालत नसत. त्या राजवटीनंतर आलेल्या मेइजी सरकारने १८७० मध्ये सर्वसामान्यांना आडनाव लावायची मुभा दिली, तरी लोक पुढे येईनात. यामागे एखादा नवा कर असणार अशी धास्ती होती. मग १८७५ च्या फेब्रुवारीत हुकूम निघाला की प्रत्येकाने आडनाव लावलंच पाहिजे. दोनच वर्षांपूर्वी सक्तीची लष्करभरती सुरू झाली होती आणि फौजेला नोंदी नीट हव्या होत्या. असंख्य शेतकरी घरांच्या दारावर ‘नाकामुरा’ ही पाटी लागली ती अशी. त्याच्या तीनशे वर्षं आधी सगळा जपान एका अमलाखाली आणणारा तोयोतोमी हिदेयोशी हा ओवारी प्रांतातल्या नाकामुरा नावाच्याच गावी एका सामान्य घरात जन्मला, असं परंपरा सांगते. त्याला मात्र जन्मतः आडनाव नव्हतं. तोयोतोमी हे नाव पुढे दरबाराकडून मिळालं. आज ते गाव नागोया शहराचा एक विभाग आहे आणि त्याचं नाव अजून नाकामुराच आहे.

हुकमाच्या आधीपासून हे आडनाव लावणाऱ्यांत नाकामुरा मासानाओ होते. १८३२ सालचा जन्म, शोगुनच्या विद्यापीठात कन्फ्यूशियसचं तत्त्वज्ञान शिकवणारे पंडित. १८६६ मध्ये शोगुनशाहीने काही विद्यार्थी लंडनला धाडले, त्यांच्यावर देखरेख करायला हे गेले. तिथे असतानाच मायदेशी ती राजवट कोसळली. १८६८ मध्ये परतताना एका इंग्रज मित्राने सॅम्युअल स्माइल्स यांचं ‘सेल्फ-हेल्प’ हातात ठेवलं. बोटीवर त्यांनी ते पुन्हापुन्हा वाचलं आणि घरी येऊन जपानीत उतरवलं. १८७१ पासून ते पुस्तक लाखांनी खपलं. ज्यांचा धनीच उरला नव्हता अशा सामुराईंच्या पोरांनी, आता स्वतःच्या बळावर उभं राहायचं, हे त्यातून वाचलं. पुढच्याच वर्षी त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरचा ग्रंथ जपानीत आणला. ज्यांची सगळी विद्या जुन्या राजवटीच्या आधाराने उभी होती, त्यांनी ती राजवट पडल्यावर हे काम हाती घ्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते दुसरे भाषांतरकार, नाकामुरा हाजिमे. जन्म १९१२, मात्सुए गावचे. तोक्यो विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञान आणि बौद्ध विचार यांत त्यांनी सगळं आयुष्य घातलं. डॉक्टरेटही आपल्या वेदान्ताच्या प्रारंभकाळावर केली. जपानमध्ये बौद्ध सूत्रं शतकानुशतकं चिनी भाषांतरांतून म्हटली जातात. म्हणणारा म्हणतो, ऐकणारा हात जोडून बसतो, अर्थ दोघांच्या मध्ये कुठेतरी राहून जातो. हाजिमे थेट पालीकडे गेले. ‘सुत्तनिपात’ आणि ‘धम्मपद’ हे बुद्धवचनांचे जुने पाली संग्रह त्यांनी अशा सोप्या जपानीत आणले की नुसतं कानावर पडलं तरी समजावं. त्यांचा सुत्तनिपात १९५८ चा. आपल्याकडे धर्मानंद कोसंबींनी गोव्यातल्या एका खेड्यातून निघून, लंकेपर्यंत जाऊन पाली आत्मसात केली आणि तोच सुत्तनिपात मराठीत आणला. हे दोघं एकाच रानातले वाटसरू आहेत असं मला वाटतं. कोसंबींची मराठी आणि नाकामुरांची जपानी शेजारी शेजारी ठेवून मी ओळी वाचतो तेव्हा दोघांनी टाळलेले जड शब्द डोळ्यांना दिसतात.

त्यांच्या शब्दकोशाची हकिगत जपानमध्ये अनेकांना ठाऊक आहे. इकडे फारशी कुणी सांगत नाही. बौद्ध संज्ञांचा मोठा कोश करायचा, प्रत्येक शब्दाचं चिनी, संस्कृत, पाली मूळ द्यायचं आणि अर्थ मात्र आजच्या माणसाला कळेल असा लिहायचा, असा तो संकल्प. जवळजवळ वीस वर्षं खपून हस्तलिखित तयार झालं, प्रकाशकाकडे गेलं आणि प्रकाशकाकडून हरवलं. दुसरी प्रत नव्हती. छायाप्रती काढून ठेवायचा तो जमाना नव्हता. होतं ते सगळं हाताने लिहिलेलं. शोधाशोध झाली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, पण हस्तलिखित मिळालं नाही.

हाजिमे चिडले नाहीत. रागावून हस्तलिखित परत येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. काही काळ ते सुन्न होते, आणि मग पहिल्या शब्दापासून पुन्हा बसले. आठ वर्षं लागली. १९७५ मध्ये कोश तीन खंडांत आला, पंचेचाळीस हजारांच्या आसपास शब्दांचा. पहिल्यापेक्षा हा दुसरा कितीतरी चांगला झाला, असं ते नंतर सांगत. मी रोज लिहून पोट भरणारा माणूस आहे. एक पान हरवलं तर काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून ती आठ वर्षं मला कुठल्याही तपश्चर्येपेक्षा मोठी वाटतात. एकेक शब्द पुन्हा काढायचा, पुन्हा संदर्भ लावायचा, आणि आपण हे एकदा केलं आहे ही आठवण बाजूला ठेवून तो शब्द नव्याने समजून घ्यायचा. दुसरा कोश चांगला झाला तो बहुधा यामुळेच.

१९७३ मध्ये विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तोक्योत ज्याला शिकायचं त्याच्यासाठी खासगी शाळा काढली आणि १९९९ मध्ये जाईपर्यंत तिची धुरा वाहिली. तामा इथल्या दफनभूमीत त्यांच्या समाधीवर मेत्तसुत्तातल्या, म्हणजे सुत्तनिपातातल्या मैत्रीवरच्या सुत्तातल्या, ओळी त्यांच्याच जपानीत कोरल्या आहेत. त्या सुत्तात म्हटलं आहे: आई एकुलत्या एका लेकराला जिवापलीकडे जपते, तसं मन सगळ्या प्राणिमात्रांविषयी ठेवावं. आमच्या तालुक्यातल्या विहारात हेच सुत्त पालीत म्हटलं जातं. ते ऐकताना मला हल्ली हाजिमे आठवतात.

आता ज्या नाकामुरांविषयी लिहिताना हात जड होतो त्यांच्याकडे येतो.

१८ डिसेंबर १९७४ रोजी इंडोनेशियाच्या मोरोताई बेटावर, घनदाट जंगलात, इंडोनेशियन सैनिकांनी एका माणसाला ताब्यात घेतलं. विमानातून आधी त्याची झोपडी दिसली होती. तो बिथरू नये म्हणून सैनिकांनी जपानी झेंडा नेला आणि जपानी गाणी म्हटली. नाकामुरा तेरुओ, जपानी फौजेतला शिपाई. महायुद्ध संपून एकोणतीस वर्षं झाली होती. सुरुवातीला तो इतर काही सैनिकांबरोबर लपून होता. १९५६ च्या सुमारास वेगळा झाला आणि छोटंसं शेत कुंपण घालून एकटा राहिला. जपान सरकारने त्याला केव्हाच मृत ठरवलं होतं.

हा नाकामुरा जपानी नव्हताच. तैवानमध्ये हजारो वर्षं राहणारे आदिवासी समाज आहेत, त्यांतल्या आमिस समाजाचा तो माणूस. अत्तुन पालालिन या नावाने त्याची नोंद सापडते. १९१९ सालचा जन्म; तेव्हा तैवान जपानची वसाहत होती. वसाहतीतल्या शाळांत जपानी भाषा शिकवली, वसाहतीतल्या लोकांना जपानी नावं दिली, आणि १९४३ मध्ये आदिवासी तरुणांच्या तुकडीत घालून पुढे मोरोताईला पाठवलं. आठव्या क्रमांकाचं ते साधंसुधं आडनाव, मधलं गाव, त्याच्या अंगावर गणवेशासारखं चढवलं गेलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये फिलिपाईन्सच्या जंगलातून, तिथे असेच लपून राहिलेले लेफ्टनंट ओनोदा हिरो बाहेर आले होते. ते तोक्योला परतले तेव्हा त्यांचं केवढं स्वागत झालं! तेरुओला तोक्योला जायचंच नव्हतं. त्याला थेट घरी, तैवानला जायचं होतं. शिपाई, तोही वसाहतीतल्या तुकडीतला, म्हणून निवृत्तिवेतनाचा हक्क नाही. नियमाप्रमाणे हातात पडले अडुसष्ट हजार येन. वर्तमानपत्रांनी हा प्रश्न लावून धरला, लोकांनी वर्गण्या काढल्या, आणि मग सरकारने व जनतेने मिळून रक्कम वाढवली. तैवानला पोहोचल्यावर त्याला कळलं की सरकारी कागदावर आपलं नाव आता ली क्वांग-ह्वी आहे. तो जंगलात असताना तैवानवर चिनी राष्ट्रवाद्यांची सत्ता आली होती आणि त्यांनी आदिवासींना चिनी नावं लावली होती. ज्या भाषेत हे तिसरं नाव होतं ती भाषा त्याला येत नव्हती. बायकोने, नवरा मेला असंच सरकारने कळवल्यावर, दुसरं लग्न केलं होतं. पुढे साडेचार वर्षं तो जगला. १९७९ च्या जूनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला.

प्रसिद्ध नाकामुरांच्या याद्यांत त्याचं नाव शास्त्रज्ञ, खेळाडू आणि नट यांच्या मधे कुठेतरी असतं आणि पुढे ‘जपानी सैनिक’ असं लिहिलेलं असतं. मला ते वाचवत नाही. त्याचं तिथे असणं हा त्या आडनावाच्या इतिहासाचाच भाग आहे, त्याला यादीतून वगळावं असं मी म्हणणार नाही. पण निदान त्याच्यापुढे अत्तुन पालालिन हे नाव तरी लिहावं.

नाव देण्याघेण्याची एक वेगळी, आनंदाची रीत काबुकी या जपानच्या पारंपरिक रंगभूमीवर आहे. १६२४ मध्ये सारुवाका कानझाबुरो यांनी एदो (आजच्या तोक्यो) शहरात पहिलं नाटकघर काढलं, तेच पुढे नाकामुरा-झा म्हणून प्रसिद्ध झालं. कानझाबुरो हे नाव तेव्हापासून एका नटाकडून दुसऱ्याकडे येत राहिलं. आपल्या काळातले अठरावे नाकामुरा कानझाबुरो यांचं खरं आडनाव नामिनो. लहानपणापासून रंगमंचावर, आणि हे मोठं नाव मात्र २००५ मध्ये, पन्नाशीला पोहोचताना मिळालं. मधल्या काळात त्यांनी हलवता येणारं जुन्या धाटणीचं नाटकघर उभारलं आणि २००४ मध्ये ते न्यूयॉर्कलाही नेलं. २०१२ मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी गेले. त्यांचे मुलगे आज रंगमंचावर नाकामुरा आहेत.

हायकूमध्ये दोन नाकामुरा एकाच काळात झाले. कुसाताओ यांनी पडत्या बर्फात मेइजी काळ किती दूर गेला हे टिपलं आणि ती ओळ सगळ्या देशाच्या तोंडी बसली. तेइजो या बाईंना नाकामुरा आडनाव लग्नाने मिळालं, कारण जपानचा कायदा नवरा-बायकोला एकच आडनाव लावायला लावतो आणि बहुतेक वेळा बदलते ती बायकोच. घर, मुलं, स्वयंपाकघर यांवर बायका लिहीत त्या कवितांना ‘स्वयंपाकघरातले हायकू’ म्हणून हिणवलं जायचं. तेइजो तिथूनच लिहीत राहिल्या आणि मोठ्या कवयित्री झाल्या. दोघांनाही वाचक आडनावाने हाक मारत नाहीत. हायकूच्या जगात कवीने स्वतः घेतलेलं नाव चालतं. सेल्टिक या स्कॉटिश फुटबॉल संघाकडून खेळताना डाव्या पायाने मँचेस्टर युनायटेडला फ्री किकवर हरवणारे शुन्सुके, आणि ओसाकाजवळ जन्मून अमेरिकेत वाढलेले, श्रीलंकेतून आलेल्या सावत्र वडिलांच्या हाताखाली बुद्धिबळात तयार झालेले हिकारू, हेही नाकामुराच. त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही.

शुजी नाकामुरांचं काम तर आपल्या प्रत्येकाच्या घरात लागलेलं आहे. लाल एलईडी १९६२ पासून होता, हिरवाही होता. निळा जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड होत नाही. गॅलियम नायट्राइडचा नितळ स्फटिक वाढवणं हा अडसर. बहुतेक प्रयोगशाळांनी त्याचा नाद सोडून दुसरा पदार्थ धरला होता. नागोयात इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो मात्र त्यालाच चिकटून होते, आणि शिकोकू बेटावरच्या आनान गावात निचिया नावाच्या कंपनीत शुजी. कंपनीचे संस्थापक नोबुओ ओगावा यांनी पैसा दिला. शुजींनी वर्षभर अमेरिकेत तंत्र शिकून घेतलं, आणि परत आल्यावर वायूचे दोन झोत सोडणारी भट्टी स्वतः जुळवली. सकाळी भट्टीत फेरफार करायचे, दुपारी स्फटिक वाढवायचे, असा दिनक्रम. मधे नव्या अध्यक्षांनी हे काम थांबवा म्हणून सांगितलं. शुजींनी थांबवलं नाही. १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी जाहीर झाला. कंपनीने शोधाबद्दल दिलेला मोबदला वीस हजार येन. ते अमेरिकेला निघून गेले, खटला उभा राहिला. २००४ मध्ये तोक्यो न्यायालयाने वीस अब्ज येन द्यायला सांगितले आणि वर्षभराने वरच्या कोर्टात सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल तिघांना मिळून मिळालं. जपानी कंपन्यांत नोकराने शोध लावला तर त्याचा हक्क किती, हा वाद या खटल्याने घराघरांत नेला. शुजींचं सगळंच बोलणं मला पटत नाही, पण त्यांनी खटला लढवला हे फार चांगलं झालं.

हे सगळं लिहायला मी बसलो तो ज्यांच्यासाठी, ते नाकामुरा तेत्सु.

१९४६ मध्ये फुकुओकात जन्म. क्यूशू विद्यापीठातून डॉक्टर. किड्या-फुलपाखरांची भारी आवड, म्हणून १९७८ मध्ये हिंदुकुश चढायला निघालेल्या पथकाबरोबर डॉक्टर म्हणून गेले. वाटेत गावोगावचे रोगी येत, आणि देण्यासारखी औषधं जवळ पुरेशी नसत. ती टोचणी घेऊन १९८४ मध्ये ते पाकिस्तानातल्या पेशावरच्या मिशन रुग्णालयात कुष्ठरोग्यांवर उपचार करायला आले. कुष्ठरोगात तळपायाची संवेदना जाते. तिथल्या चपलांचे खिळे पायात घुसत, रोग्याला कळत नसे, जखमा चिघळत आणि शेवटी पाय कापावा लागे. तेत्सुंनी बाजारातल्या चपला आणून त्या खोलून पाहिल्या आणि रुग्णालयातच चपलांचा कारखाना काढला: दिसायला तिथल्याच पद्धतीची चप्पल, म्हणजे रोगी ती घालेल, पण तळ मऊ आणि खिळा लागणार नाही अशी. बाबा आमटेंच्या आनंदवनाविषयी वाचत वाढलेल्या मराठी माणसाला हा डॉक्टर पहिल्या भेटीतच आपला वाटतो.

२००० मध्ये अफगाणिस्तानात भयंकर दुष्काळ पडला. हिंदुकुशवरचं बर्फ कमी झालं होतं, ओढे आटले. त्यांच्या तिथल्या दवाखान्यासमोर रांगेत आयांच्या मांडीवर मुलं हगवणीने मरत होती. गढूळ पाणी पिऊन आजार, आणि तो धुऊन काढायलाही पाणी नाही. तेत्सुंनी आधी विहिरी खणायला घेतल्या. त्या सोळाशेच्या आसपास झाल्या, पण भूजल खाली खालीच चाललं. शंभर दवाखान्यांपेक्षा एक कालवा मोलाचा, या निष्कर्षाला हा डॉक्टर आला. मधे २००१ चा ऑक्टोबर आला, अमेरिकेचे बॉम्ब पडू लागले. जपानी संसदेत साक्ष द्यायला बोलावलं तेव्हा त्यांनी सैन्य पाठवणं निरुपयोगीच नव्हे तर घातक आहे, असं सरळ सांगितलं, आणि परत येऊन काबूलमधल्या उपाशी लोकांना गहू वाटला.

मार्च २००३ मध्ये अफगाणिस्तानातल्या कुनार नदीवरून कालवा काढायला सुरुवात झाली. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्थापत्याचं शिक्षण नाही. मुलीचं शाळेतलं गणिताचं पुस्तक घेऊन प्रवाहाचे हिशेब शिकले. नदी उन्हाळ्यात बर्फ वितळून खवळते आणि हिवाळ्यात खडकाला टेकते. सरळ आडवी भिंत घातली की पुरात काठ खचतो, बंधारा वाहून जातो. असं होऊन गेल्यावर त्यांना उत्तर सापडलं ते स्वतःच्या मुलखात. फुकुओकातल्या आसाकुरा इथे चिकुगो नदीवर यामादाचा बंधारा आहे, १७९० मधला, दगडांनी नदीत तिरपा रचलेला. कोगा ह्याक्को नावाच्या गावमुखियाने, म्हणजे आपल्या भाषेत पाटलानेच, तो घडवला. तिरपा असल्याने पाणी लांबलचक माथ्यावरून पसरून जातं, एका जागी जोर येत नाही. सिमेंट नाही, यंत्रं नाहीत, अशा काळातली ही विद्या तशाच परिस्थितीतल्या कुनारवर लागू पडली.

कालव्याच्या काठांना तारेच्या जाळीचे खोके. असे गॅबियन आपल्याकडेही ओढ्याओढ्यांवर घालतात. तेत्सुंच्या कालव्यावर जाळी तिथेच विणली, दगड तिथलेच, आणि ते हाताने रचले. मोठे दगड दर्शनी बाजूला, बारके पोटात, एकही हलता कामा नये. त्यामागे विलो झाडाच्या फांद्या खोचल्या. फांद्या फुटतात, मुळं पाण्याच्या ओढीने दगडांच्या फटींतून शिरतात आणि सगळा खोका आवळून धरतात. वर्षांनी तार गंजली तरी मूळ राहतं. आणि मोडलं तर दुरुस्त कोण करणार? ज्याचं शेत त्या पाण्यावर आहे तो. कामावर कालपर्यंत बंदुका धरलेली माणसंही होती. डॉक्टर स्वतः जेसीबीसारखं यंत्र चालवत.

मी पांझरेच्या काठचा. आमच्याकडे फड बागायत आहे, तीनशे वर्षांहून जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, प्रत्येक फडात एकच पीक, आणि पाण्याची वाटणी पाटकरी-जागल्यांच्या हाती. माझे आजोबा फडाच्या पंचांत होते. पाट साफ करायच्या दिवशी घरटी माणूस गेलाच पाहिजे, न जाणाऱ्याला पाणी नाही, हा नियम मी त्यांच्या तोंडून ऐकला आहे. तेत्सुंनी बंधाऱ्याइतकंच लक्ष अशा नियमांकडे दिलं. पाणी आणणं सोपं, ते शंभर वर्षं वाहतं ठेवणं अवघड, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

२००८ मध्ये त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या काझुया इतो या एकतीस वर्षांच्या तरुणाला पळवून नेऊन मारलं. तेत्सुंनी बाकीच्या जपानी सहकाऱ्यांना परत पाठवलं आणि स्वतः थांबले. २०१० मध्ये पंचवीस किलोमीटरांचा कालवा गंबेरीच्या वाळवंटापर्यंत पोहोचला. गावकऱ्यांना मशीद आणि मदरसा हवा होता. ख्रिस्ती असलेल्या या डॉक्टरांनी तोही बांधून दिला. पुढे आणखी बंधारे झाले. सगळं मिळून सोळा हजार हेक्टरांवर जमीन भिजू लागली, साडेसहा लाख लोकांचं पोट त्यावर चालतं. पाकिस्तानातल्या छावण्यांत गेलेली कुटुंबं परत आली.

नंगरहार या तिथल्या प्रांतातल्या शेतकऱ्यांना ‘नाकामुरा’ म्हणणं अवघड. त्यांनी त्याचं ‘काका मुराद’ करून टाकलं. पश्तूतही काका म्हणजे काकाच. हुकमाने मिळालेलं, कुणावर लादलेलं, कुणी लग्नात घेतलेलं हे आडनाव तिथे शेतकऱ्यांनी आपल्या जिभेला येईल तसं वळवलं आणि माणसाला घरात घेतलं. जपान्यांच्या कानाला ते परकं वाटत असेल. माझ्या कानाला ते धुळे जिल्ह्यातलं वाटतं.

४ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी, जलालाबादमध्ये, कामावर जाताना त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. ते आणि त्यांच्याबरोबरचे चालक, रक्षक असे पाच अफगाण मारले गेले. त्र्याहत्तर वर्षांचे होते. काबूलच्या विमानतळावर राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी यांनी शवपेटीला खांदा दिला. त्या पाचांची नावं बातम्यांत क्वचितच आली, याची खंत मला अजून आहे.

२०२१ मध्ये तालिबान परतले तेव्हा काबूलच्या भिंतीवर काढलेलं तेत्सुंचं चित्र त्यांनी पुसून टाकलं. २०२२ मध्ये त्याच राजवटीने जलालाबादेतल्या एका चौकाला नाकामुरांचं नाव दिलं. त्यांच्या संस्थेचं काम अफगाण अभियंते आणि शेतकरी पुढे नेत आहेत. त्यांच्या पश्चातही बंधारे झाले. गंबेरीत, जिथे कुसळ उगवत नव्हतं तिथे, आता गहू, संत्री आणि ऊस आहे. त्या उसाचा गूळही करतात.